एकटा वाटसरू आणि गोडबोल्या सोबती : मेहकरच्या धर्मशाळेपासून ऑफ-सीझनच्या सहलीपर्यंत

१/
बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे हेमाडपंती बांधणीची एक जुनी दगडी धर्मशाळा आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिची गणना होते. देऊळ देवासाठी असते, गढी सरदारासाठी असते. धर्मशाळा मात्र अशा माणसासाठी बांधली जाते, ज्याला त्या गावात कोणीच ओळखत नाही. दिवेलागणीला आलेल्या वाटसरूला पाठ टेकायला जागा मिळावी आणि कोणी त्याला नाडू नये, एवढाच तिचा हेतू. प्रवाशाची फसवणूक पूर्वी कशी होत असे आणि तिच्यावर कोणते उपाय शोधले गेले, याचा हा धागा. आडहंगामात, म्हणजे ऑफ-सीझनला, मेहकर-लोणारकडे निघणाऱ्यांना तो उपयोगी पडावा.

२/
प्रथम स्थळाची ओळख. वऱ्हाडाचे दोन भाग पडतात : पूर्णा नदीच्या खोऱ्याचा पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेचे पठार, म्हणजे बालाघाट. मेहकर बालाघाटावर, पैनगंगेच्या काठी वसले आहे. शार्ङ्गधर विष्णूने मेघंकर नावाच्या दैत्याचा येथे वध केला आणि त्यावरून गावास नाव पडले, अशी कथा सांगतात. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे गाव एका मोठ्या महसुली विभागाचे ठाणे होते. जेथे ठाणे तेथे बाजार, आणि जेथे बाजार तेथे परगावचा माणूस हा ठरलेलाच.

३/
याच मेहकरच्या हद्दीत अबुल फजल लोणारचा उल्लेख करतो. तो लिहितो की ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात. पितरांच्या उद्धारासाठी श्राद्धकर्म करण्याची जी तीन गयास्थाने मानली जातात, त्यांतील हे एक. उंच डोंगरांनी वेढलेले खारे सरोवर, काच आणि साबण यांसाठी लागणारी द्रव्ये, सोऱ्यापासून मिळणारा महसूल, हे सारे त्याने टिपले आहे. या नोंदीचा आपल्या विषयाशी संबंध असा : येथे व्यापारी येत आणि श्राद्धासाठी यात्रेकरूही येत. एकाच्या कमरेला पैसा, दुसऱ्याच्या मनात श्रद्धा आणि दुःख. फसवणाऱ्याला याहून सोयीचे गिऱ्हाईक कोठले?

४/
आता हंगामाविषयी. आपल्याकडे प्रवासाचे वर्ष दसऱ्याला सुरू होई. चातुर्मासात नद्या दुथडी भरत, काळ्या मातीचे रस्ते चिखलाने बंद पडत, सैन्ये छावणी करून राहत, व्यापारी तांडे थांबत. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की फौजा, बैलांचे तांडे आणि यात्रेकरू सारेच बाहेर पडत. हंगामात रस्त्यावर माणसे असत, पुढच्या मुक्कामाची खबर मागच्याला मिळे आणि वस्तूचे दर तोंडातोंडी कळत. आडहंगामात निघालेल्याला यांपैकी काहीच मिळत नसे. सांगेल तो दर आणि दाखवील ती वाट, अशी त्याची स्थिती होई.

५/
पहिली फसवणूक नाण्यांची. इंग्रजी अमलात १८३५ साली एकसारखा रुपया आला. त्यापूर्वी दर काही मजलांवर नाणे बदलत असे. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी, नागपूरकरांचा नागपुरी, हैदराबादचा निराळा. प्रत्येकाचे वजन आणि कस वेगळा. पुण्याहून वऱ्हाडात आलेल्या माणसाचा रुपया येथे पूर्ण रुपया नसे. सराफ तो घासून, वाजवून पाही आणि बट्टा कापून घेई. हा व्यवहार न्याय्य होता. परंतु आजचा बट्टा किती, हे सराफाला ठाऊक असे आणि पाहुण्याला नसे. पेठेत चार दुकाने उघडी असतील तर विचारून ताळा घेता येई. एकच दुकान उघडे असले की ज्याच्या हाती तराजू त्याचाच शब्द अखेरचा.

६/
यावरचा उपाय म्हणजे हुंडी. रोख बरोबर न नेता आपल्या गावच्या पेढीवर भरायची आणि परगावी तिच्या आडत्याकडून घ्यायची. दाखवताच पैसे द्यावे लागत ती दर्शनी. ठरल्या दिवसांनंतर द्यायची ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे केवळ पत असलेल्या ओळखीच्या सावकाराच्या हाती देण्याचा प्रघात होता. म्हणून चोराला ती मिळाली तरी वटवणे सोपे नसे. हुंडी हरवल्यास तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती परपेठ. फसवणुकीची शक्यता गृहीत धरून रचलेली ही व्यवस्था होती. अनोळखी गावात प्रवाशाऐवजी त्याच्या पेढीची पत बोले.

७/
दुसरा धोका पैशाहून मोठा, जिवाचा. ठगांविषयी आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण त्यांच्या पद्धतीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ साली 'रामासियाना' या नावाने ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोश प्रसिद्ध केला. त्यातील शब्दांतून टोळीतील कामांची वाटणी दिसते. गळा आवळणारा तो भुर्तोट. खुणेचा इशारा ती झिरनी. हाती सापडलेला वाटसरू म्हणजे बनिज, अर्थात माल. आणि या सर्वांच्या आधी काम सुरू करणारा तो सोथा. सोथा शस्त्र चालवत नसे. त्याचे काम बोलण्याचे होते.

८/
सोथा सरायीत, विहिरीवर किंवा पारावर बसून राही. लहानसा जथा दिसला की ओळख काढी, कोठे निघालात विचारी आणि आपणही तिकडेच निघालो आहोत असे सांगे. पुढचा रस्ता चोराचिलटांचा आहे, एकत्र जाऊ म्हणजे भीती नाही, अशी त्याची मांडणी असे. म्हणजे तो प्रवाशाच्या अविचारावर डाव खेळत नव्हता. त्याच्या सावधपणाचाच वापर करत होता. सोबत शोधणे हा त्या काळचा शहाणपणा होता आणि सोथा तीच सोबत घेऊन समोर उभा राही. कित्येक दिवस बरोबर चालून, एकत्र जेवून, विश्वास पुरता बसल्यावरच झिरनी दिली जाई.

९/
ठग पावसाळ्यात बहुधा आपापल्या गावी असत आणि दसऱ्यानंतर बाहेर पडत. त्यांचा हंगाम आणि प्रवाशांचा हंगाम एकच होता. मग गर्दी सुरक्षित कशी म्हणायची? उत्तर असे की त्यांनी मोठ्या तांड्यांवर सहसा हात टाकला नाही. गर्दीच्या रस्त्यावर गर्दीपासून तुटलेला माणूस ते निवडत. मुंबईहून इंदूरकडे व्यापाऱ्यांची रोकड वाहून नेणारे हलकारे मुद्दाम गरिबाच्या वेशात, दोघा-चौघांनी जात, आणि खानदेशाच्या वाटेवर त्यांतील कित्येक जण ठगांच्या हाती सापडले. वेशांतर चांगले होते. संख्या मात्र कमी होती.

१०/
या कथेला मेहकरच्या परिसराशी जोडणारा एक दुवा आहे. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकारी. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली निघाली आणि इंग्लंडात अतिशय गाजली. तिचा नायक अमीर अली वऱ्हाडातून, उमरावतीच्या, म्हणजे आजच्या अमरावतीच्या बाजारातून वावरतो. पुढे १८५७ साली हाच टेलर बुलढाणा भागाचा कारभार पाहण्यासाठी वऱ्हाडात आला. ठगांची गोष्ट जगभर नेणारा लेखक त्या धामधुमीच्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात अधिकारी होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

११/
परंतु इतिहासाच्या वाचकाने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ठगांविषयीची बहुतेक माहिती त्यांना पकडणाऱ्यांनीच लिहून ठेवली आहे; माफीच्या आशेने साक्षीदार झालेल्या कैद्यांच्या जबान्यांवर ती उभी आहे. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला आणि त्यासाठी जन्मठेप ठेवली. वाटमारीचे खून झाले, याविषयी शंका नाही. पण देशभर पसरलेला एकच गुप्त धर्मपंथ हे चित्र अलीकडच्या अभ्यासकांना अतिरंजित वाटते. या चित्राचा परिणाम दूरवर गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा जायला १९५२ साल उजाडले.

१२/
या शिक्क्याची किंमत काय होती, हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनाने मराठी वाचकाला दाखवून दिले. म्हणून प्रवासातील सावधगिरीचा विचार करताना एक भेद ध्यानात ठेवावा. संशय वागणुकीवर घ्यावा, जातीवर, वेशावर किंवा बोलीवर नव्हे. सोथा सभ्य दिसे, सभ्य बोले. तेच त्याचे भांडवल होते. कळकट कपड्यांतील माणसाला टाळणारा आणि स्वच्छ धोतरातील सोबत्यावर विसंबणारा प्रवासी नेमका उलट्या जागी सावध असे.

१३/
तिसरी जागा म्हणजे तीर्थक्षेत्र. आणि येथे आपण एकटे नाही. युरोपात सांतियागोच्या यात्रेविषयी बाराव्या शतकात संकलित झालेल्या लॅटिन ग्रंथात एक प्रदीर्घ प्रवचन आहे. त्यात खाणावळवाल्यांच्या लबाड्यांची यादीच दिली आहे : गावाबाहेर जाऊन यात्रेकरूला नातलगासारखी मिठी मारायची, चाखायला उत्तम मद्य द्यायचे आणि विकायचे हलके, मापे खोटी ठेवायची. स्वागतासाठी वेशीबाहेर धावून आलेला अनोळखी आप्त, ही आकृती स्पेनमध्येही होती आणि आपल्या सरायीतही होती.

१४/
आपल्याकडे क्षेत्रांच्या ठिकाणी यात्रेकरूला सांभाळण्याची व्यवस्था तीर्थोपाध्यायांची. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया येथील उपाध्यायांच्या वह्यांमध्ये घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असत, आजही आहेत. आजोबांची सही नातवाला दाखवणारा उपाध्याय हा परक्या गावातला ओळखीचा माणूस ठरे. तो उतरायला जागा देई, विधी करवी, अडचणीला पैसेही देई. याच नात्यातून अडवणूकही घडे. दक्षिणेचा आकडा शोकाच्या क्षणी वाढवला जाई. वही मात्र दोन्ही बाजूंना बांधून ठेवी. ज्याचा पणतू पुढे आपल्याच दारी यायचा आहे, त्याला पुरते लुबाडणे परवडत नसे.

१५/
क्षेत्री पैसे काढणारे केवळ पुजारी नव्हते, सरकारही होते. कंपनी सरकारने प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी येथे यात्रेकरूंवर कर बसवला होता. तो १८४० च्या कायद्याने उठला. मुंबई बंदरातील हाजी यात्रेकरूंची कथाही अशीच. दूरच्या गावांतून आलेले, बंदराची रीत न जाणणारे हे लोक तिकीट-दलालांच्या हाती सापडत. अखेर सरकारने १८८६ साली या यात्रेच्या व्यवस्थेत टॉमस कुक या प्रवासी कंपनीला आणले. १८९३ पर्यंत तो प्रयोग चालला. धर्म वेगळा, मार्ग वेगळा. पण दुखणे एकच होते. बोटीचे खरे भाडे किती आणि ती सुटणार केव्हा, हे दलालाला कळे आणि यात्रेकरूला कळत नसे.

१६/
या सर्व धोक्यांचा अनुभव एका मराठी माणसाने लिहून ठेवला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जाने गांजलेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. त्या लुटीत त्यांनी साठवलेला पैसा गेला. तरीही ते काशी-प्रयाग करून आईवडिलांसाठी गंगाजल घेऊन घरी पोहोचले. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापले गेले. ते वाचताना ध्यानात येते की वाटेवर त्यांना तारले ते बहुधा ओळखींनी : कोणी गाववाला, कोणी शिष्य, कोणी आश्रयदाता. पैसा लुटला जातो. ओळख लुटता येत नाही.

१७/
आणि आता या धाग्यातील सर्वांत सुंदर दुवा. आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. संप्रदायात अशी कथा सांगतात की धन घेऊन गावी परतताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी पकडून गुहेत कोंडले. हरिपाठ म्हणत त्यांनी ते दिवस काढले आणि सुटका झाल्यावर घरी न जाता आळंदी गाठली. १८३२ च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले. इंग्रज अधिकारी ठगांमागे लागले होते, त्याच दशकातली ही घटना. वाटेवर लुटला गेलेला माणूस पुढे महाराष्ट्रातील सर्वांत सुसंघटित वाटचालीचा शिल्पकार झाला.

१८/
वारीकडे या दृष्टीने पाहावे. आषाढ म्हणजे जुन्या काळी प्रवासाचा आडहंगामच : पाऊस, चिखल, भरलेल्या नद्या. अशा दिवसांत हजारो माणसे सुखरूप जातात ती व्यवस्थेमुळे. दिंडी ठरलेली, चोपदार ठरलेला, मुक्काम ठरलेले, कोणत्या गावी कोणाकडे जेवण तेही ठरलेले. कोणी एकटा नाही आणि कोणी परका नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर लोणार-मेहकरवरूनच जाते. शेगावच्या संस्थानाने निवास आणि प्रसाद यांची जी शिस्त घालून दिली, तिचे मर्मही हेच : दर ठरलेला, पावती मिळणार आणि सेवेकरी हात पसरणार नाही. फसवणुकीला तेथे फटच राहत नाही.

१९/
रेल्वेने आणखी एक बदल केला. १८६७ साली मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. तो मलकापूर, शेगाव, अकोला असा पायनघाटातून गेला. तिकिटावर भाडे छापलेले, फलाटावर वेळापत्रक टांगलेले. अडाण्यालाही विचारून खात्री करता येऊ लागली. बालाघाटावरचे मेहकर मात्र लोहमार्गापासून दूर राहिले. आज समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यामुळे मुंबई-नागपूरची माणसे येथे सहज उतरू शकतात. रस्ता जवळ आला. पण गाव अनोळखीच राहिले. तेव्हा आजच्या प्रवाशाकडे वळू. उन्हाळ्याच्या काहिलीत किंवा भर पावसात, गर्दी नसताना येथे येणाऱ्याने काय ध्यानात ठेवावे?

२०/
पहिले, कथा आणि इतिहास वेगळे ठेवा. मेहकरात कंचनीचा महाल आहे. त्याच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसे, असे सांगतात. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या कवितेनेही या महालाला अमर केले. कथा मनापासून ऐका; ती गावाची ठेव आहे. पण कोणी ती सनावळीसह इतिहास म्हणून विकू लागला तर तिचा आधार विचारा. शार्ङ्गधर बालाजीच्या भव्य मूर्तीचेही तसेच. १८८८ साली खोदकामात ती सापडली आणि ती विलायतेला जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी तातडीने प्रतिष्ठापना केली, अशी आठवण गाव जपते. 'आशियातील सर्वांत मोठी' यांसारखी विशेषणे मात्र मोजपट्टीशिवाय स्वीकारू नयेत. मूर्तीचे सौंदर्य त्यावाचूनही पुरेसे आहे.

२१/
दुसरे, लोणारचा दगड विकत घेऊ नका. उल्कापाताने बेसाल्ट खडकात घडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. कोणी होकायंत्र हलवून दाखवील आणि हा उल्केचा तुकडा आहे असे म्हणेल. पण आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिजे असतात. सुई हलली म्हणून दगड आकाशातून पडला असे सिद्ध होत नाही. शिवाय हा परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत आहे. तेथून दगड, माती उचलणे योग्य नाही. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते; ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. तो रंग वर्षभर दाखवतो असे सांगणाऱ्यावर विसंबून गाडी ठरवू नका.

२२/
तिसरे, आणि आपणा इतिहासप्रेमींसाठी सर्वांत महत्त्वाचे : जुनी नाणी आणि मूर्ती. ओसाड देवळापाशी कोणी रुमालातून 'शिवराई' काढतो, शेतात सापडली म्हणतो. तांब्याच्या शिवराया पुढच्या काळातही मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या, त्यामुळे त्या अगदी दुर्मीळ नाहीत; सोन्याचा शिवकालीन होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे. म्हणून स्वस्तात मिळणारा 'होन' बहुधा ओतीव नक्कल असतो. आणि तो खरा असेल तर? तर अडचण अधिक मोठी. जमिनीत सापडलेली ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे आणि शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांच्या व्यापारावर १९७२ च्या कायद्याची बंधने आहेत. नक्कल असेल तर पैसे बुडाले. अस्सल असेल तर आपण वारशाच्या चोरीत भागीदार झालो.

२३/
चौथे, आजचा सोथा दूरध्वनीतही बसतो. देवस्थानांची भक्तनिवासे आणि यात्रांची आरक्षणे यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवली जातात. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये तसा इशारा दिला होता. आडहंगामात खोल्या सहसा मोकळ्या असतात. म्हणून 'शेवटची खोली आहे, आत्ताच पूर्ण रक्कम पाठवा' हे वाक्य ऐकताच थांबावे. क्रमांक शोधयंत्रातून न घेता संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही. फसगत झालीच तर लाजू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

२४/
आता जुन्या उपायांना आजचे रूप देऊ. हुंडीचा धडा : सर्व रोख एका खिशात ठेवू नये, आगाऊ रक्कम थोडी द्यावी आणि पावती घ्यावी. सराफाचा धडा : गाडी, जेवण, निवास यांचा दर निदान दोन ठिकाणी विचारावा आणि निघण्यापूर्वी पक्का करावा, दुसरे ठिकाण बंद असेल तर एसटी स्थानकावर विचारावे. सोथाचा धडा : आपण न विचारता कोणी सांगेल की तुमचे ठरलेले ठिकाण बंद आहे, पुढचा रस्ता वाईट आहे, माझ्याबरोबर चला, तर आधी त्या ठिकाणी स्वतः फोन करावा. वहीचा धडा : गावातील शिक्षक, ग्रंथपाल किंवा कोणाचा तरी मित्र, अशी एक खरी ओळख घेऊन निघावे.

२५/
याचा अर्थ प्रत्येकाकडे संशयाने पाहावे असा नाही. आडहंगामात आलेला पाहुणा हा चहावाल्यासाठी, रिक्षावाल्यासाठी, एखाद्या प्रामाणिक वाटाड्यासाठी त्या दिवसाची मिळकत असतो. त्याच्याशी अकारण घासाघीस करून दोन पैसे वाचवणे ही सावधगिरी नव्हे. एका ठकाची आठवण पाहुण्याच्या मनात राहते आणि तिची किंमत सारे गाव मोजते. म्हणून प्रामाणिक माणसाला योग्य दाम देणे, त्याचे नाव पुढच्या प्रवाशाला सांगणे, हेही फसवणूक रोखण्याचेच काम आहे. पूर्वी ते काम वाटेवरची माणसे तोंडी करत. आज आपण ते लिहून करू शकतो.

२६/
मेहकरच्या धर्मशाळेत उभे राहिलात तर क्षणभर तिच्या खांबांकडे त्या वाटसरूच्या नजरेने पाहा, ज्याला येथे कोणी ओळखत नव्हते. ती कोणी आणि का बांधली असेल, याचा तर्क करताना हे विसरू नये की समाजाने परक्याच्या सुरक्षिततेसाठी दगड घडवले, वह्या लिहिल्या, हुंड्या चालवल्या आणि दिंड्या बांधल्या. तुमच्या घरी जुनी हुंडी, तीर्थोपाध्यायांच्या वहीतील नोंदीची नक्कल किंवा आजी-आजोबांच्या यात्रेची आठवण असेल, तर या धाग्याखाली अवश्य लिहा. लेखनसीमा.